बेगमी

बेगमी म्हणजे पुढील काळातील गरज ओळखून घरात आगाऊ करून ठेवलेला अन्नधान्याचा साठा होय. धान्य, डाळी, वाळवणे, खारवलेले व मुरवलेले पदार्थ, सुके मासे, परसबागेतील टिकाऊ फळभाज्या आणि अलीकडच्या काळात गोठवलेले अन्न यांचा तीत समावेश होतो. महाराष्ट्रात व गोव्यात बेगमी प्रामुख्याने पावसाळ्यासाठी केली जाते. साठा करणे हा बेगमीचा केवळ पूर्वार्ध आहे. साठवलेले अन्न योग्य क्रमाने, योग्य वेळी व निर्धोक स्थितीत रोजच्या स्वयंपाकात वापरणे हा तिचा उत्तरार्ध असून तो अधिक कौशल्याचा मानला जातो. साठा वेळेवर न वापरल्यास अन्न वाया जाते. बुरसलेले किंवा नीट न टिकवलेले अन्न खाण्यात आल्यास जीवितासही धोका संभवतो.

व्युत्पत्ती आणि संज्ञा

'बेगमी' हा शब्द फारसीतून मराठीत आला आहे. 'बे' म्हणजे विना आणि 'गम' म्हणजे दुःख किंवा काळजी. यावरून काळजी नसण्याची स्थिती आणि पुढे ती स्थिती देणारी तरतूद असा अर्थविस्तार झाला. 'वर्षाची बेगमी', 'पावसाळ्याची बेगमी' असे प्रयोग रूढ आहेत. पावसाळ्याच्या तोंडाला 'आगोट' असे म्हणतात. त्या वेळी भरलेल्या सामानालाही कोकणात आगोट म्हटले जाते. गोव्यात याच तरतुदीला 'पुरुमेंत' हा पोर्तुगीजमधून आलेला शब्द असून, मे महिन्याच्या सुमारास भरणारी तेथील पुरुमेंताची फेस्ते सुके मासे, मिरची, कोकम, चिंच व मडकी यांच्या खरेदीसाठी प्रसिद्ध आहेत.

साठवणीशी निगडित काही शब्द भाषेत वाक्प्रचार होऊन राहिले आहेत. जमिनीत खणलेल्या धान्याच्या कोठारास 'पेव' म्हणतात. भरलेले पेव फुटून धान्य बाहेर पडावे तशी एखाद्या गोष्टीची एकाएकी रेलचेल झाली म्हणजे 'पेव फुटले' असे म्हटले जाते.

ऋतुचक्र आणि साठवण

महाराष्ट्रातील साठवणीचे वेळापत्रक पीक आणि ऊन या दोन गोष्टींनी ठरते. भात व बाजरी यांची मळणी दिवाळीच्या आगेमागे होते. रब्बी ज्वारी, गहू, हरभरा व तूर हिवाळ्याच्या अखेरीपासून उन्हाळ्यापर्यंत घरात येतात. चैत्र-वैशाखात कडक ऊन असल्यामुळे धान्य वाळवणे, पापड, कुरडया व सांडगे घालणे, मिरच्या वाळवून तिखट व मसाला करणे, चिंच फोडून मीठ लावणे, कैरीची लोणची घालणे ही सर्व कामे मृग नक्षत्रापूर्वी उरकली जातात. कोकणात याच सुमारास आमसुले, आंबापोळी, फणसपोळी, आंबोशी व खारातल्या कैऱ्या केल्या जातात.

किनारपट्टीवर बेगमीला आणखी एक कारण आहे. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो व अनेक माशांचा तो प्रजननकाळही असतो. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांच्या मासेमारीस बंदी असते. परंपरेने नारळी पौर्णिमेनंतर होड्या समुद्रात लोटल्या जातात. या मधल्या काळासाठी बोंबील, सोडे, जवळा, सुकट व खारा बांगडा यांचा साठा केला जातो.

साठवणीची साधने प्रदेशपरत्वे बदलतात. बांबूच्या किंवा तुरीच्या काठ्यांच्या, शेणमातीने लिंपलेल्या कणग्या, लाकडी कोठारे, चिनी मातीच्या बरण्या, शिंकी आणि पत्र्याच्या कोठ्या ही त्यांतील प्रमुख होत. सांगलीजवळील हरिपूर येथील हळदीची पेवे विशेष प्रसिद्ध आहेत. बंद पेवातील धान्याच्या श्वसनामुळे ऑक्सिजन संपून कार्बन डायऑक्साइड साचतो. त्यामुळे कीड जगत नाही. मात्र याच कारणाने पेव उघडताच आत उतरणारा माणूसही गुदमरून मरू शकतो. म्हणून पेव उघडल्यावर ते बराच काळ मोकळे ठेवण्याची आणि उतरण्यापूर्वी आत दिवा सोडून पाहण्याची पद्धत पडली. दिवा विझल्यास आत उतरत नाहीत.

साठवणीमागील तत्त्वे

अन्न नासते ते मुख्यतः सूक्ष्मजीव, कीड, अन्नातील विकरे (एन्झाइम) आणि हवेतील ऑक्सिजन यांच्यामुळे. साठवणीच्या सर्व पद्धती यांपैकी एका किंवा अनेक कारणांना अटकाव करतात.

वाळवण : सूक्ष्मजीवांना वाढीसाठी मोकळे पाणी लागते. अन्नातील असे पाणी 'जलक्रियाशीलता' या ० ते १ च्या मापाने मोजतात. बहुतेक जीवाणूंची वाढ ०.९१ च्या खाली थांबते, बहुतेक बुरशींची ०.८० च्या खाली, तर ०.६० च्या खाली कोणताही सूक्ष्मजीव वाढत नाही. पावसाळी हवेतील ओलावा शोषून सादळलेला पापड किंवा डाळ ही मर्यादा पुन्हा ओलांडू शकते. झाकण घट्ट लावणे आणि उन्हाची उघडीप मिळताच डबे उन्हात देणे यांमागे हेच कारण आहे.

मीठ व साखर : ही दोन्ही द्रव्ये अन्नातील पाणी बांधून ठेवतात. खारातली कैरी आणि साखरेच्या पाकातील मुरांबा यांचे टिकण्याचे तत्त्व एकच आहे.

आंबटपणा : सामू ४.६ पेक्षा कमी असलेल्या अन्नात बोटुलिझम या घातक विषबाधेस कारणीभूत होणारा जीवाणू वाढू शकत नाही. कैरी, लिंबू, चिंच व आमसूल यांचा टिकाऊपणा त्यांच्या आम्लतेत आहे.

तेल : लोणच्यावरील तेलाचा थर हवेला अटकाव करतो व त्यामुळे बुरशी धरत नाही. तेल स्वतः जंतुनाशक नसते. म्हणून आंबट किंवा खारट न केलेली लसूण नुसत्या तेलात बुडवून बाहेर ठेवणे धोक्याचे असते.

थंडी : शीतकपाटातील सुमारे ४ अंश सेल्सियस तापमानात सूक्ष्मजीवांची वाढ मंदावते आणि उणे १८ अंशांत थांबते. गोठवण्याने ते सर्व मरत नाहीत. अन्न वितळताच त्यांची वाढ पुन्हा सुरू होते.

साठ्याचा वापर

धान्य व डाळी

'आधी आलेले आधी वापरावे' हा साठ्याचा मूलभूत नियम आहे. नवे धान्य जुन्यावर ओतले तर तळाशी राहिलेल्या धान्याला कीड लागते आणि ती वरपर्यंत पसरते. म्हणून कणगी किंवा डबा पूर्ण रिकामा करून, झाडून व उन्हात तापवून मगच भरला जातो. किडीपासून संरक्षणासाठी कडुनिंबाचा वाळलेला पाला घालणे, तुरीच्या डाळीला व गव्हाला एरंडेल चोळणे, मूग-वालासारख्या कडधान्यांत चाळलेली राख मिसळणे हे उपाय रूढ आहेत. तांदळाला बोरिक पावडर लावण्याची चाल मात्र आरोग्यास अपायकारक असून, असा तांदूळ अनेकदा धुऊनही पूर्ण निर्धोक झाला असे मानता येत नाही.

जुने होण्याचा परिणाम प्रत्येक धान्यावर वेगळा होतो. जुना तांदूळ अधिक पाणी घेतो, फुगतो व मोकळा शिजतो. त्यामुळे तो मसालेभात व पुलावासाठी राखून ठेवतात. नवा तांदूळ चिकट शिजत असल्याने मऊ भातासाठी व पेजेसाठी उपयोगी पडतो. कडधान्ये उष्ण व दमट जागी दीर्घकाळ राहिल्यास कठीण होतात आणि शिजण्यास वेळ लागतो. ती रात्रभर भिजवावी लागतात. चिंच किंवा आमसूल डाळ शिजण्यापूर्वी घातल्यास आम्लामुळे ती आणखी उशिरा मऊ होते. म्हणून आंबट नेहमी डाळ शिजल्यावर घालतात.

पीठ धान्यापेक्षा कमी टिकते. बाजरीच्या पिठातील स्निग्धांश दळल्यानंतर लवकर खवट व कडवट होतो. ज्वारीचे पीठ जुने झाले की त्याची विरी जाते, म्हणजे चिकटपणा नाहीसा होऊन भाकरी थापताना मोडते. असे पीठ कढत पाण्याने मळून वापरता येते किंवा इतर पिठांत मिसळून थालीपीठासाठी संपवता येते. ते मुळात खवट झाले असेल तर मात्र कोणत्याही युक्तीने सुधारत नाही. या कारणासाठी धान्य वर्षाचे भरले तरी दळण आठवड्याचे किंवा पंधरवड्याचेच काढतात.

वाळवणे व खारवलेले पदार्थ

पावसाळ्यात ताजी भाजी महाग किंवा दुर्मीळ झाली की वाळवणे तिची जागा घेतात. डाळीच्या सांडग्यांची रस्साभाजी, कोहळ्याचे सांडगे व भरलेल्या मिरच्या तळून दहीभातासोबत, आंबोशी मसुराच्या किंवा वालाच्या आमटीत, खारातला फणस धुऊन त्याची भाजी, कुळथाचे पिठले व सोबत भाजलेली सुकट हे त्याचे नित्याचे प्रकार होत. खारवलेले पदार्थ वापरताना प्रथम पाण्यात ठेवून त्यांतील मीठ उतरवतात आणि त्यानंतर चव पाहूनच पदार्थात मीठ घालतात. लोणच्याच्या बरणीत ओला चमचा न घालणे, रोजच्या वापरापुरते लोणचे लहान बरणीत काढून घेणे आणि फोडी तेलाबाहेर राहू न देणे या सवयींवर लोणच्याचे आयुष्य अवलंबून असते.

कांदा व कंद

महाराष्ट्रात रब्बी हंगामातील कांदा एप्रिल-मे महिन्यांत काढून, हवा खेळती राहील अशा कांदाचाळीत ठेवतात व तो पुढे काही महिने वापरतात. पावसाळी दमट हवेत घरातील कांद्याला कोंब येतात किंवा तो सडतो. आषाढ शुद्ध नवमीस साजरी होणारी कांदेनवमी चातुर्मासात कांदा वर्ज्य करण्यापूर्वीची असून, त्या दिवशी कांदाभजी, कांद्याचे थालीपीठ इत्यादी पदार्थ करून घरातला कांदा संपवला जातो. धार्मिक आचार आणि साठ्याची व्यावहारिक सोय यांचा मेळ या प्रथेत दिसतो.

कांदे व बटाटे एकत्र ठेवू नयेत. दोन्ही लवकर खराब होतात. उजेडात राहून हिरवा पडलेला बटाटा सोलॅनिन या विषारी द्रव्यामुळे खाण्यायोग्य राहत नाही आणि शिजवल्याने ते द्रव्य नष्ट होत नाही.

परसबागेतील उत्पन्न

परसबागेतील उत्पन्नाची अडचण तुटवडा नसून एकाच वेळी होणारी विपुलता ही असते. त्यामुळे वनस्पतीचा प्रत्येक भाग वापरण्याची परंपरा निर्माण झाली. दोडक्याच्या शिरांची चटणी, लाल भोपळ्याच्या भाजलेल्या बिया, अळूच्या देठांची देठी, केळफुलाची व केळीच्या कोक्याची भाजी, शेवग्याच्या शेंगांबरोबरच फुलांची व पाल्याची भाजी ही तिची उदाहरणे होत. पूर्ण पिकलेला लाल भोपळा व कोहळा देठासकट काढून, फळाला इजा न होऊ देता कोरड्या जागी ठेवल्यास कित्येक महिने टिकतो. ऋषिपंचमीची भाजी बैलाच्या श्रमाशिवाय पिकलेल्या, म्हणजे बहुधा परसातल्या भाज्यांचीच करावी असा संकेत आहे.

साठवलेले आणि परसातले अन्न एकत्र कसे येते याचे कोकणातील अळूची पातळ भाजी हे बोलके उदाहरण आहे. अळू पावसाळ्यात परसात, सांडपाण्याच्या कडेला वाढलेले असते. हरभऱ्याची डाळ व शेंगदाणे डब्यांतले असतात. फणसाच्या आठळ्या मे महिन्यात धुऊन, मातीत किंवा राखेत घोळवून ठेवलेल्या असतात आणि आमसूल किंवा चिंच बरणीतली असते. यातील आंबट केवळ चवीसाठी नसते. अळूतील कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांमुळे घशाला येणारी खाज कमी करण्यासाठी ते घालण्याची परंपरा आहे.

घरी पिकलेले म्हणजे निर्धोक, ही समजूत पूर्णतः खरी नाही. दुधी भोपळा, दोडका व काकडी यांत क्वचित कुकुर्बिटासिन हे कडू विषारी द्रव्य वाढते. शिजवण्यापूर्वी किंवा रस काढण्यापूर्वी लहान तुकडा चाखून, कडू लागल्यास ते फळ टाकून द्यावे. कडू दुधीच्या रसाने भारतात मृत्यू घडले आहेत.

गोठवलेले अन्न

विद्युत शीतकपाटाच्या प्रसारानंतर हिवाळ्यातील मटार, वालाच्या सोललेल्या डाळिंब्या, मक्याचे दाणे, खवलेले ओले खोबरे, आमरस आणि मासे गोठवून ठेवण्याची पद्धत शहरांत व पुढे ग्रामीण भागातही रूढ झाली. मटारासारख्या भाज्या गोठवण्यापूर्वी एक-दोन मिनिटे उकळत्या पाण्यात घालून लगेच गार पाण्यात काढतात. यामुळे विकरे निष्क्रिय होतात व रंग आणि चव टिकते. अन्न सावकाश गोठल्यास बर्फाचे मोठे स्फटिक पेशी फोडतात व वितळल्यावर ते लिबलिबीत होते. त्यामुळे लहान, चपट्या पुड्या करणे हिताचे असते. एका वेळेस लागेल एवढीच पुडी केल्यास उरलेले पुन्हा गोठवण्याचा प्रसंग येत नाही. पुडीवर पदार्थाचे नाव व तारीख लिहिणे हा या साठ्याचा कणा आहे.

गोठवलेला मटार अर्धवट शिजलेला असल्याने भाजीत शेवटी घालतात व तो वितळवण्याची गरज नसते. मासे व मांस मात्र शीतकपाटाच्या खालच्या भागात वितळवावे. ओट्यावर ठेवल्यास आतला भाग गोठलेला असतानाच बाहेरील भागात जंतू वाढू लागतात. घरगुती एकदारी शीतकपाटातील बर्फाचा कप्पा उणे १८ अंशांपर्यंत उतरतोच असे नाही. त्यामुळे वर्षभर टिकेल या भरवशावर त्यात अन्न ठेवू नये. वीज गेल्यास दार न उघडलेल्या शीतकपाटातील अन्न सुमारे ४ तास, तर गच्च भरलेल्या स्वतंत्र गोठवणपेटीतील अन्न सुमारे ४८ तास सुरक्षित राहते. अर्ध्या भरलेल्या पेटीत हा काळ सुमारे निम्मा असतो. वारंवार वीज जाणाऱ्या भागात म्हणूनच वाळवण व खारवण यांचे महत्त्व कमी झालेले नाही.

उरलेल्या अन्नाचा उपयोग

रोजच्या स्वयंपाकात उरलेले अन्न दुसऱ्या रूपात संपवणे हे बेगमीचेच अंग आहे. फोडणीची पोळी, गूळ-तूप घालून पोळीचा लाडू, भाकरी कुस्करून ताकातला काला, फोडणीचा भात, भाताचे सांडगे, पुरणाच्या डाळीच्या निथळलेल्या पाण्याची कटाची आमटी, आंबट झालेल्या दह्याची कढी, तूप कढवल्यावर उरलेल्या बेरीत साखर घालून केलेला खाऊ ही परिचित उदाहरणे होत.

यांपैकी भाताबाबत विशेष दक्षता आवश्यक असते. तांदळातील बॅसिलस सेरियस या जीवाणूची बीजुके शिजवल्यानंतरही जिवंत राहतात. भात बराच काळ कोमट राहिल्यास ती रुजून असे विष तयार होऊ शकते, की जे पुन्हा परतल्याने नष्ट होत नाही. उरलेला भात पसरून लवकर गार करणे, दोन तासांच्या आत शीतकपाटात ठेवणे व दुसऱ्या दिवशी संपवणे हा त्यावरील उपाय आहे.

आरोग्यविषयक धोके

'उकळले की सारे मरते' हा साठ्याच्या वापरातील सर्वांत घातक समज आहे. जंतू मरतात, पण त्यांनी आधी तयार केलेली काही विषे टिकून राहतात. ॲस्परजिलस फ्लेव्हस या बुरशीपासून तयार होणारे अफ्लाटॉक्सिन हे त्यांतील प्रमुख होय. दमट जागी साठवलेले शेंगदाणे व मका यांत ते आढळते, नेहमीच्या शिजवण्याने ते पुरेसे नष्ट होत नाही आणि दीर्घकाळ पोटात गेल्यास यकृताचा कर्करोग होऊ शकतो. १९७४ मध्ये राजस्थान व गुजरात यांच्या सीमेवरील आदिवासी भागात अवेळी पावसाने भिजलेला व बुरसलेला मका खाल्ल्याने यकृतदाहाची साथ उद्भवली आणि शंभराहून अधिक लोक मृत्युमुखी पडले. त्या कुटुंबांकडे टाकून देण्यासारखे दुसरे धान्य नव्हते, ही या घटनेची दुसरी बाजू आहे.

खारवण्यापूर्वी उन्हात पडून राहिलेल्या बांगड्यासारख्या माशांत हिस्टामिन तयार होते व तेही शिजवण्याने जात नाही. म्हणून मासा ताजा असतानाच साफ करून खारवावा लागतो. बुरसलेल्या मऊ पदार्थाचा वरचा भाग काढून उरलेला वापरणे, काळवंडलेले किंवा बुरशी आलेले शेंगदाणे कुटात मिसळून टाकणे, खवट तेल फोडणीला संपवणे या गोष्टी काटकसरीत मोडत नाहीत.

सामाजिक बाजू

वर्षाची बेगमी सर्वांच्या आवाक्यात कधीच नव्हती. ज्याच्याकडे जमीन किंवा एकरकमी खरेदीचा पैसा, तसेच साठवणीस कोरडी जागा होती, त्याच्याच घरी कणगी भरत असे. शेतमजूर व कारागीर यांना धान्यरूपाने मिळणारी मजुरी किंवा बलुते आणि आठवडी बाजार यांवर अवलंबून राहावे लागे. १९७२ च्या सुमारास महाराष्ट्रात सलग पिके बुडाली तेव्हा साठा करणाऱ्या घरांतील कणग्याही रित्या झाल्या, आणि दुष्काळी कामांवर लक्षावधी लोकांना रोजगार व मुलांना सुकडी द्यावी लागली. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्यानुसार प्राधान्य कुटुंबांना दरमहा माणशी ५ किलो धान्य देण्याची तरतूद आहे; अशा घरांत वर्षाच्या साठ्याची जागा महिन्याच्या साठ्याने घेतली आहे.

बेगमीचे श्रम प्रामुख्याने स्त्रियांचे राहिले आहेत. पापड-कुरडयांसाठी शेजारणींनी आळीपाळीने एकमेकींकडे जमण्याची पद्धत होती. या कौशल्याला बाजारमूल्य मिळाल्याचे ठळक उदाहरण म्हणजे १९५९ मध्ये मुंबईतील गिरगावात सात स्त्रियांनी ८० रुपये कर्जाऊ घेऊन सुरू केलेला 'श्री महिला गृहउद्योग लिज्जत पापड' होय. अनेक महिला बचतगट आज वाळवणे व मसाले करून विकतात.

सद्यःस्थिती

लहान घरे, बारमाही भाजीपुरवठा व तयार पदार्थ यांमुळे वर्षाची बेगमी शहरांत बरीच कमी झाली आहे. याउलट, गरजेपेक्षा अधिक खरेदी आणि विस्मृतीत गेलेला साठा यांमुळे वाया जाणाऱ्या अन्नाचा प्रश्न गंभीर झाला आहे. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०२२ साली जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले व त्यातील सुमारे ६० टक्के वाटा घरांचा होता. २०३० पर्यंत किरकोळ विक्री व ग्राहक या स्तरांवरील दरडोई नासाडी निम्म्यावर आणणे हे शाश्वत विकास ध्येयांतील एक उद्दिष्ट आहे. खरेदीपूर्वी घरातील साठा पाहणे, जुने पुढे व नवे मागे ठेवणे आणि आठवड्यातील एक जेवण केवळ घरातल्या साठ्यावर करणे हे त्या दृष्टीने सुचवले जाणारे घरगुती उपाय बेगमीच्या जुन्या शिस्तीशी मिळतेजुळते आहेत.

हेही पहा

वाळवण
लोणचे
परसबाग
कांदेनवमी
आमसूल